गेनूआबांच्या लेकी

गेनूआबा लोकांच्या घरी पाणी पीत नसत. भांडण म्हणाल तर कुणाशी नव्हतं. सोवळं म्हणाल तर त्यांचं धोतर बघून तो आरोप कुणी केला नसता. भर उन्हात ओट्यावर टेकायचे, घाम पुसायचे, आणि घरातली बाई तांब्या घेऊन आली की हात जोडायचे. म्हणायचे, "नगं माय. हितं लेक दिलीया."

लेक म्हणजे मांजर.

आपल्याकडं रीत आहेच. लेक ज्या घरी दिली त्या घरच्या पाण्याला बापानं शिवायचं नाही. तिला मूल झालं की मग बाप जेवतो, पाणी पितो, वर विडाही मागतो. आबांनी ही रीत मांजरांना लावली होती. पासली गावातल्या बहुतेक घरांत त्यांनी दिलेलं मांजर होतं आणि ते व्याल्याशिवाय त्या घरचा थेंबही ते घेत नसत. मांजर व्यालं की मात्र दुसऱ्या दिवशी हक्कानं चहाला हजर. त्यामुळं आबा कुणाच्या ओट्यावर बशी फुंकत बसलेत एवढं बघितलं की कुणाच्या घरी पिल्लं झाली ते गावाला कळायचं.

मी भोरचा. व्हर्नाक्युलर फायनल पास, तेही पहिल्या फटक्यात. ही गोष्ट मी कुणालाही भेटल्याबरोबर सांगतो. तुम्हालाही सांगून झाली. पासलीच्या शाळेवर माझी बदली झाली तेव्हा दुसरी लढाई अजून सुरू व्हायची होती. वेल्ह्याच्याही पुढं, डोंगराच्या कुशीतलं गाव. चहा नुकताच तिथवर चढून पोचला होता, साखर अजून वाटेतच होती. गुळावर भागायचं.

तिथं भात पिकतो, आणि भात तिथं उंदीर. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या एकुलत्या एक कोटाचा खिसा खाल्ला. खिशात काही नव्हतंच म्हणा, पण मास्तराचा खिसा म्हणून काही आब असतो. मी भोरच्या बाजारातून लोखंडी चाप मागवला, चार माणसं जमवली आणि चाप कसा चालतो, अडाणीपणानं आपलं किती धान्य जातं, यावर भाषण केलं. भाषण चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून अंधारात चार पावलं टाकली आणि चापात सापडलो तो मीच. अंगठा काळानिळा झाला. आठवडाभर मी लंगडत शाळेत जात होतो आणि पोरं फारच शांतपणे पाढे म्हणत होती, इतकं शांत की त्यांना हसू आवरत नाहीये हे स्पष्ट कळत होतं.

त्या आठवड्यातच आबा आमच्या दारात उभे राहिले. काळासावळा, वाळलेला म्हातारा, डोक्याला मळकं मुंडासं. म्हणाले, जागा बघायला आलोय. मला वाटलं शाळेला जागा देणार. ते सरळ आत शिरले. भाताच्या कणगीखाली वाकून बघितलं, भिंतीतल्या बिळांत हात घालून बघितलं, शेजारी कुत्रं कसल्या स्वभावाचं आहे ते विचारलं. मग आमच्या हिच्याकडं वळून, बाई रागावल्या तर हातात सापडेल ते फेकून मारतात का, अशी चौकशी केली. हिनं माझ्याकडं बघितलं आणि सध्या तरी नाही म्हणाली. शेवटी आबांनी मला नखशिखान्त न्याहाळलं, नजर अंगठ्याच्या चिंधीवर थांबली. "कळवतो," म्हणाले आणि गेले.

आता हसू येतं, पण तेव्हा मला रोज वाटायचं, नकार तर येणार नाही? मी स्वतः मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा एवढी धाकधूक झाली नव्हती. तिकडं निदान चहा-पोहे तरी मिळाले होते.

होकार आला. चांगला वार बघून आबा टोपलीतून करडं पिल्लू घेऊन आले. पुढचा एक पाय पांढरा, कपाळाला हळदकुंकू. शेजारणीकडून हिची ओटी भरवली, पिल्लू मांडीवर दिलं आणि खरोखरच उपरण्यानं डोळे पुसले. "खोडकर हाय, पर मनानं वाईट न्हाई. संभाळून घ्या," म्हणाले. नाव ठकी. मी पाणी पुढं केलं, त्यांनी हात जोडले.

मग चौकशा सुरू झाल्या. ठकी रुळली का, सासुरवास होत नाही ना. गावात बायका त्यांच्याकडं गाऱ्हाणी घेऊन यायच्या, की आबा, तुमच्या लेकीनं दुधाला तोंड लावलं. आबांना त्यात समाधानच वाटे. नांदती म्हनायची, एवढंच बोलायचे.

मांजरं किती असावीत यावर आबांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "जागा ठरवती, मालक न्हाई." मला अर्थातच ते पटलं नाही. मी पाटी घेतली आणि एक मांजर, वर्षाला इतकी पिल्लं, त्या पिल्लांना इतकी, असं मांडून दाखवलं. पाटी भरली, मागची बाजू भरली, मी गणित जमिनीवर नेलं आणि उंबऱ्यापाशी जाहीर केलं की आबा, थोड्याच वर्षांत वेल्ह्यापर्यंत पाय ठेवायला जागा उरणार नाही, सगळी मांजरंच मांजरं. आबांनी सगळं शांतपणे बघितलं. मग विचारलं, ह्यात बोका कुठं धरला? बोका पिल्लं खातो. कोल्हा धरला का? श्रावणातली झड धरली का? आणि खायला नसलं की मांजर निघूनच जातं, ते कुठल्या रकान्यात लिवलंत? मी पाटी पुसली. पाटी पुसण्यात माझा हात फार चांगला बसलाय.

पण म्हणून आबा मोठे जाणकार होते असं समजू नका. काळं मांजर चुना दिलेल्या घरात टिकत नाही, मूळ नक्षत्रावरचं पिल्लू उंदराला भितं, असलंही पुष्कळ ते तेवढ्याच ठामपणे सांगायचे. आणि पिल्लू नर की मादी हे त्यांना जन्मात कधी बरोबर सांगता आलं नाही. त्यांच्या लेखी सगळ्या लेकीच.

चारसहा महिन्यांनी एक नवल झालं. आबा आमच्या ओट्यावर आले, टेकले आणि आपणहून म्हणाले, "मास्तर, च्या सांगा." मग रोज येऊ लागले. मी चहाबरोबर त्यांना जगाचा भूगोल सांगू लागलो. पृथ्वी गोल आहे इथपासून सुरुवात केली, महिन्याभरात आफ्रिकेपर्यंत पोचलो. आबा मान डोलवायचे, बशी पालथी घालायचे, उठायचे. एकदा मी भारावून हिला म्हणालो, अडाणी माणूस, पण ज्ञानाची भूक बघ केवढी. गावात एवढी घरं असून माझ्याकडंच येतात.

ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, तुमची ठकी बोका निघाली. ते म्हणतात, लेक दिली नाही, मुलगा दत्तक दिला. दत्तक घरी पाणी चालतं."

माझी आफ्रिका तिथंच राहिली.

आबांना खरीखुरी लेकही होती. यमुना. बायको गेल्यावर त्यांनीच तिला वाढवली, नसरापूरजवळ वरवे बुद्रुकला दिली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. दर सुगीनंतर आबा नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन दोन दिवसांची वाट तुडवत वरव्याला जायचे, लेकीच्या ओट्यावर घटकाभर बसायचे आणि तसेच कोरड्या घशानं माघारी यायचे. पण त्याचं गावात कुणाला काही वाटत नसे. मांजराच्या सासरी जो पाणी पीत नाही तो लेकीच्या घरी कसला पितोय, असं म्हणून लोक हसायचे. मीही हसायचो. एका सुगीला मात्र ते गेले नाहीत. गुडघा धरलाय म्हणाले. त्याच आठवड्यात एक मांजर बघायला हा गुडघा धरलेला माणूस डोंगर चढून धनगरांच्या वाडीवर गेला होता, आणि हे आम्हाला कुणालाच खटकलं नाही.

पुढच्या साली डोंगरातले कळक, म्हणजे बांबू, फुलले. म्हातारी माणसं फुलं बघून कणग्या लिंपायला लागली. कळक फुलला की बी पडतं, बी खाऊन उंदीर माजतात, आणि बी संपलं की ते सगळे उंदीर खाली गावात उतरतात. तसंच झालं. बियाण्याची पोती फाटली, कणग्या पोखरल्या, घोंगड्यांना भोकं पडली. माझ्या कोटाचा दुसरा खिसाही गेला. चाप लावायची मला हिंमत नव्हती.

मग मांजरांना असा काही भाव आला की विचारू नका. खायला मुबलक, त्यामुळं एरवी चारातलं एखादं जगायचं तिथं चारच्या चार जगू लागली. आबांना येडं म्हणणारे त्यांच्या दारात पिल्लासाठी खेटे घालू लागले. मुलींचा बाप असा ताठ चालताना मी त्याच साली बघितला. कुणाचं घर नाकारत, कुणाला पुढच्या वेताचा वायदा देत. आणि घरोघर पिल्लं झाल्यामुळं घरोघर चहा. चहानं आबांना इतकं पित्त झालं की शेवटी हिनं त्यांना आठवडाभर कोकमाचं सार पाजलं, आमच्याच घरी, दत्तकाच्या नात्यानं.

मी मात्र काळजीत. उंदीर संपले की एवढ्या मांजरांचं काय? घरटी किती मांजरं ठेवायची याचा गावानं ठराव करावा म्हणून मी मसुदा तयार केला. बैठक आज भरू, उद्या भरू करता करता पाऊस लागला, बिळं बुडाली, उंदीर सरले आणि मांजरंही आपोआप विरळ झाली. काही मेली, काही रानात गेली, काही कुठं गेली ते कळलंच नाही. बैठक भरली तेव्हा ठराव करायला मांजरं उरली नव्हती. आबा मागच्या भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. ते 'जागा ठरवती'चं वाक्य उच्चारलं नाही, हे त्यांचे उपकार.

पण या सगळ्याच्या ऐन भरात एक गोष्ट झाली होती. उंदरांचा उच्छाद नसरापूरच्या बाजूलाही पोचला होता. यमुनेच्या सासूला मांजराचा तिटकारा. आबांनी पूर्वी एकदा विचारलं तेव्हा तिनं साफ नाही सांगितलं होतं. त्या साली तिनंच मेंढरं घेऊन खाली गेलेल्या बिरू धनगराबरोबर निरोप पाठवला, की इवायांना म्हणावं, एक मांजर द्या. आबा चार दिवस झोपले नसावेत. गावातलं प्रत्येक पिल्लू हाताळून बघितलं. शेवटी सुताराच्या मांजराचं एक करडं पिल्लू निवडलं, पुढचा एक पाय पांढरा असलेलं. म्हणजे आमच्या ठकीचाच वंश. ते पिल्लू बिरूच्या घोंगडीतून वरव्याला गेलं. आणि पावसाळा सरता सरता बिरू परत आला तो सांगत, की वरव्याचं मांजर व्यालं.

त्या दिवशी आबा चहाला आले नाहीत. संध्याकाळी आले ते दारातच उभे. दिवाळीच्या सुट्टीला मी भोरला जाणारच होतो, वाटेत वरवं पडतं का, असं विचारत होते. पडत नाही, पण पाडता येईल, म्हणालो. ते म्हणाले, "मग माझ्यासंगं चला. तुमचा बोका त्या मांजराचा बाप, तुमी मुलाकडचे. तुमी म्होरं असला म्हंजी मला जाता यील."

निघालो. वेल्ह्याला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तशी मला गप्प बसवेना. मी सुधारक माणूस. म्हणालो, आबा, या जुन्या रीती आता सोडा. लेकीच्या घरी पाणी प्यायल्यानं काय आभाळ कोसळतं? एवढी वर्षं दोन दिवस चालून जाता आणि तहानेले येता, हा काय शहाणपणा?

आबा थांबले. एका आंब्याच्या बुंध्याशी गाठोडं ठेवलं.

"मास्तर, म्या पाणी पियालो म्हंजी काय झालं? म्हंजी हितनं म्होरं यमीला काय हुयाचं न्हाई, आसं बापानंच ठरवलं. तिच्या म्होरं. तिच्या हातचा तांब्या घिऊन."

ते पुढं म्हणाले की नाही प्यालो तरी लोक बघतात. पहिली दोन वर्षं कुणी बघितलं नाही. मग बघायला लागले. बाप आला, कोरडाच बसला, की सगळं वरवं लेकीकडं बघायचं. मग त्यांच्या मनात आलं, की आपण कुठंच प्यायचं नाही. मांजर दिलं त्या घरीही नाही, ते व्याल्याशिवाय. बिरूसारखी माणसं खाली-वर जातात, बोलतात. वरव्याला कळेल, की पासलीचा म्हातारा मांजरांना लेकी म्हणतो, त्यांच्या घरीसुद्धा पाणी पीत नाही.

"येडा म्हनतील मला. म्हनूद्यात. बाप येडा हाय म्हनलं का मंग लेक वांझ हाय म्हनायचं ध्यानात ऱ्हात न्हाई."

उपयोग झाला का, मी विचारलं. म्हणाले, वरव्यानं हसायला सुरुवात केली, तेवढा झाला. पण यमुनेला हसू येईना. दोन सुग्यांमागं तिनं पायरीवर त्यांना गाठून सांगितलं, आबा, आता येत जाऊ नका. तुमी तहानेलं जाता, मला रातभर घास गिळत न्हाई. म्हणून ते गेले नव्हते. गुडघ्याला काही झालं नव्हतं.

थोडं चालून झाल्यावर ते पुन्हा बोलले, माझ्याशी नाही, रस्त्याशी बोलल्यासारखं. "मांजराचं समदं कळतंय. दाणं लई, उंदीर लई, तर पिल्लं लई. बोका आला, घटली. मानसाचं न्हाई कळत मास्तर. तिच्या घरी धान्य हाय, म्हस हाय, नवरा गुनाचा हाय. जागा एवढी चांगली हाय."

फायनल पहिल्या फटक्यात पास झालेला माणूस शेजारून चालत होता. हे गणित त्यानं पाटीवर घेतलं नाही.

वरव्याला पोचलो तेव्हा दुपार होती. आबा दारासमोर येऊन थबकले आणि मला हातानं पुढं ढकललं. ओट्यावर विहीणबाई बसल्या होत्या, धिप्पाड बाई. त्यांनी आम्हाला बघितलं, पदर सारखा केला आणि "या इवाई" म्हणून घोंगडी टाकली. शेजारपाजारच्या दोघीतिघी जात्यावरचं दळण टाकून कुडापाशी येऊन उभ्या राहिल्या. पासलीचा येडा म्हातारा आलाय, आता काय करतोय बघू, अशाच. आबा घोंगडीच्या अगदी कडेवर टेकले. गाठोडं मांडीवर तसंच. खाली मान. मी मुलाकडचा म्हणून काहीतरी बोलायला हवं होतं. पासलीला पाऊस चांगला झाला, असं बोललो.

यमुना आतून आली. आबांसारखीच वाळकी, सावळी. एका हातात सूप होतं. सुपात जुनेर, जुनेरात चार पिल्लं एकमेकांत गुंतून झोपलेली, एकाचा पुढचा पाय पांढरा. मागोमाग ते करडं मांजर ओरडत. तिनं सूप बापाच्या पुढ्यात ठेवलं. दुसऱ्या हातात तांब्या होता. तो मात्र तिनं ठेवला नाही. हातातच धरला. बापाच्या समोर उकिडवी बसली. कुडापलीकडच्या बायांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "आबा, माझी धाकटी भैन बाळंत झाली. आता घ्या."

कुडाशी एक जण फिसकन हसली. विहीणबाईंनी नुसती मान वळवून तिच्याकडं बघितलं, तशी ती गप्प झाली.

आबांनी एकदा पिल्लांकडं बघितलं, एकदा लेकीकडं. मग दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि तोंडाला लावला. पाणी मिशीवरून, गळ्यावरून, बंडीवर सांडत होतं. मध्ये श्वास घ्यायलासुद्धा थांबले नाहीत. रिकामा तांब्या त्यांनी पुढं केला.

"आनखी आन," म्हणाले.

तिनं आणला. तोही त्यांनी संपवला. तिसऱ्या वेळी ती आत गेली ती लवकर बाहेर आली नाही. माठापाशी तिच्या हुंदक्यांचा आवाज येत होता, आणि विहीणबाई, काही ऐकू येत नसल्यासारख्या, मला पासलीच्या पावसाबद्दल पुन्हा पहिल्यापासून विचारत होत्या.

दोन दिवस चालून माझाही घसा वाळला होता. मुलाकडच्या माणसाला त्या घरात पाणी विचारायचं सगळेच विसरले. मी मागितलंही नाही.